फ्रीबेसिक कंपायलर: कापसाच्या पट्टीपासून ठिबकच्या दाबापर्यंत

तापीच्या अलीकडे अमळनेर आणि पलीकडे चोपडा, या दोन तालुक्यांत माझे काम चालते. अमळनेरला कापूस आणि धान्याच्या आडतीच्या हिशेबांचे प्रोग्राम सांभाळायचे आणि चोपड्याकडच्या केळीच्या बागांसाठी ठिबकच्या नळ्यांचे आराखडे गणिताने तपासून द्यायचे, अशी ही दुहेरी उपजीविका आहे. दोन्हींचा पाया बेसिक भाषेत लिहिलेला आहे, कारण मी शिकलो ती भाषा तीच आणि दुकानांमधला जुना कोडही तिच्यातलाच. गेली काही वर्षे हे सर्व काम मी फ्रीबेसिक या मोफत कंपायलरवर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामची यंत्रभाषा करून देणाऱ्या साधनावर, करतो. त्याची ओळख करून देणारे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एकाच अंगाने त्याचे परीक्षण करायचे आहे, ते म्हणजे दशांश संख्यांचे गणित हा कंपायलर किती नेमके करतो आणि किती वेगाने करतो. माझ्या दोन्ही कामांत हा प्रश्न रोज येतो आणि दोन्हींत त्याचे उत्तर अगदी वेगळे निघते.

बेसिक ही भाषा संथ असते, हा समज मायक्रोसॉफ्टच्या जुन्या जीडब्ल्यू-बेसिकच्या काळातला आहे. तेथे प्रत्येक ओळ चालतानाच वाचली जात असे आणि दशांशांचे गणित सगळे सॉफ्टवेअरनेच होत असे. यंत्रात ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर बसवलेला असला तरी त्याचा काही उपयोग होत नसे. वास्तविक १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्त्झ यांनी ही भाषा आणली तेव्हा ती कंपायलरसहच आली होती. फ्रीबेसिक त्याच वळणाचा आहे. २००४ पासून उपलब्ध असलेला हा कंपायलर आज स्वतःच्याच भाषेत लिहिलेला आहे, विंडोज, लिनक्स आणि डॉस या तिन्हींवर चालतो आणि थेट यंत्रभाषेतली फाइल तयार करून देतो. ती फाइल पेनड्राइव्हवरून दुकानातल्या संगणकावर टाकली की वेगळे काही बसवावे लागत नाही, ही सोय आमच्याकडच्या कामात फार मोलाची आहे.

आता पैशाच्या हिशेबाकडे वळतो, कारण माझी पहिली मोठी चूक तेथेच झाली.

अमळनेरच्या एका व्यापाऱ्यांकडे, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, क्विकबेसिकमध्ये लिहिलेला माझा जुना प्रोग्राम होता. तो नव्या संगणकावर आणताना मी फ्रीबेसिकच्या क्यूबी बोलीत, म्हणजे जुन्या क्विकबेसिकचे नियम पाळणाऱ्या पद्धतीत, जसाच्या तसा कंपाइल केला. त्या बोलीत ज्या व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याच्या, नावापुढे कोणतेही चिन्ह नसते ते आपोआप सिंगल या कमी अंकांच्या प्रकारचे धरले जाते. शेतकऱ्यांच्या प्रत्येक पट्टीतल्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदातल्या, रकमांना मी डबल या जास्त अंकांच्या प्रकाराचे चिन्ह लावलेले होते, पण हंगामाच्या एकूण बेरजेला लावायचे राहून गेले होते. पट्ट्या सगळ्या बरोबर येत, मात्र हाताने मारलेली बेरीज आणि संगणकाची बेरीज जुळत नसे. आप्पांनी कागद माझ्यापुढे सरकवून विचारले, "भाऊ, हाऊ पैसा कथा गया?" (हा पैसा कुठे गेला?) त्यांनी विचारले ते एका पैशाबद्दल, पण तपासायला बसलो तेव्हा तफावत रुपयांत निघाली.

असे का झाले हे नीट सांगण्यासारखे आहे. सिंगल प्रकारात संख्येचे अंक साठवायला २४ बिट, म्हणजे ० किंवा १ ची घरे, असतात, म्हणजे दशमानात साधारण सात अंक. रक्कम वाढत गेली तरी अंकांची जागा तेवढीच राहते, म्हणून लगतच्या दोन संख्यांमधले अंतर मोठे होत जाते. १,३१,०७२ रुपयांच्या वर हे अंतर दीड पैशापेक्षा जास्त होते. २,६२,१४४ च्या वर ते ३.१२५ पैसे होते. सिंगलमधल्या तीन लाख रुपयांत पाच पैसे मिळवून पाहावेत, खात्यात सव्वासहा पैसे जमा होतात, कारण त्या जागी जवळची दुसरी संख्याच नसते. एक पैसा मिळवला तर काहीही जमा होत नाही. ८३,८८,६०८ रुपयांच्या पुढे पैसे पूर्ण नाहीसे होतात आणि १,६७,७७,२१६ या आकड्यावर पोचल्यानंतर त्यात एक रुपया कितीही वेळा मिळवला तरी आकडा जागचा हलत नाही. कापसाच्या हंगामात दीड-पावणेदोन कोटींची उलाढाल ही बऱ्याच दुकानांची नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा ही अडचण पुस्तकी राहत नाही.

यात कंपायलरचा दोष काही नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दशांश संख्या यंत्रात कशा साठवायच्या हे सांगणाऱ्या, १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात सिंगल असाच वागायचा आहे आणि फ्रीबेसिक ते मानक पाळतो. त्या मानकामागचे प्रमुख नाव विल्यम कहान यांचे. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच क्षेत्रातल्या कामासाठी. फ्रीबेसिकच्या स्वतःच्या आधुनिक बोलीत तर ही चूक होणेच अवघड आहे, कारण तेथे प्रत्येक व्हेरिएबल प्रकारासह जाहीर करावे लागते आणि साधा लिहिलेला दशांश आकडा डबल धरला जातो. जुना कोड क्यूबी बोलीत चालवून समाधान मानणाऱ्यांनी मात्र आपल्या बेरजांची व्हेरिएबल एकदा डोळ्यांखालून घालावीत.

मग सगळे डबल केले की प्रश्न सुटतो का? पैशाच्या बाबतीत माझे उत्तर नाही असे आहे. डबलमध्ये ५३ बिट असतात, म्हणजे १५ ते १६ अंक. एवढ्यात आमच्या भागातले कोणतेही खाते मावेल. अडचण आहे ती दशमानाची. एक दशांश हा आकडा द्विमानात, म्हणजे यंत्राच्या ० आणि १ च्या पद्धतीत, संपतच नाही, जसा एक तृतीयांश दशमानात संपत नाही, म्हणून यंत्रात त्याच्या अगदी जवळचा आकडा साठवला जातो. ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून पाहिली तर ०.३ असेच दिसते, पण तीच बेरीज ०.३ शी ताडून पाहिली तर प्रोग्राम म्हणतो की दोन्ही समान नाहीत. याहून घातक उदाहरण ४ रुपये ३५ पैशांचे. ४.३५ ला १०० ने गुणून इंट फंक्शनने पूर्णांक काढला की हाती ४३४ पैसे येतात, कारण गुणाकार प्रत्यक्षात ४३४.९९९९... असा येतो आणि इंट पुढचे सगळे छाटून टाकते. जवळच्या पूर्णांकाला नेणारे सीइंट वापरले तर ४३५ येतात. पण सीइंटचाही स्वतःचा नियम आहे. बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या ती सम आकड्याकडे नेते, म्हणजे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. शाळेत शिकलेल्या नियमाने अर्ध्याला वर नेणाऱ्या मुनिमाला हे पटत नाही आणि पटावे अशी अपेक्षाही करू नये.

म्हणून आता मी पैशाचा हिशेब पूर्णांकात करतो आणि या ठिकाणी फ्रीबेसिकचा लाँगइंट हा ६४ बिटांचा प्रकार मला मनापासून आवडतो. एक पट्टी उदाहरणादाखल घेऊ. वजन १,८४७ किलो, भाव क्विंटलला ७,१२५ रुपये ५० पैसे. भाव पैशांत मांडला की ७,१२,५५० होतो. वजनाशी गुणाकार १,३१,६०,७९,८५०. त्याला १०० ने भागले की १,३१,६०,७९८.५ पैसे येतात, म्हणजे नेमका अर्धा पैसा उरतो. गुणाकारात आधी ५० मिळवून मग उलट्या तिरक्या रेघेचा पूर्णांक भागाकार केला की अर्धा पैसा वर जातो आणि पट्टी १,३१,६०७ रुपये ९९ पैशांची होते. अर्ध्याचे काय करायचे हे येथे मी ठरवले आहे, ते कोडमध्ये लिहिलेले आहे आणि आप्पांना वाचून दाखवता येते. डबलमध्ये तोच निर्णय गुणाकाराच्या शेवटच्या बिटावर अवलंबून राहिला असता.

या ठिकाणी एका धोक्याची सूचना द्यायला हवी. फ्रीबेसिकमध्ये नुसता इंटिजर हा प्रकार ३२ बिट आवृत्तीत ३२ बिटांचा आणि ६४ बिट आवृत्तीत ६४ बिटांचा असतो. वरच्याच भावाने ३२ बिट इंटिजरमध्ये गुणाकार केला तर ३,०१३ किलोपर्यंत तो मावतो आणि ३,०१४ व्या किलोला मर्यादा ओलांडून रक्कम उणे होते, तीही कोणतीही सूचना न देता. तीस क्विंटल कापूस म्हणजे एक भरलेली गाडी, त्यामुळे हा प्रसंग पहिल्याच दिवशी येऊ शकतो. पैशासाठी लाँगइंट असेच स्पष्ट लिहावे, इंटिजरच्या भरवशावर राहू नये.

यापेक्षाही ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त दिवस छळले ती सांगतो, कारण तिच्याविषयी बेसिक वापरणाऱ्यांत फारशी चर्चा होत नाही. तेव्हा काही दुकानांत माझे जुने, डबलवरचे प्रोग्राम चालूच होते. त्यांपैकी एका दुकानातला संगणक जुना, ३२ बिटांचा. माझा घरचा ६४ बिटांचा. एका नोंदीत ५ रुपये ३५ पैसे दोघांत निम्मे वाटायचे होते. दुकानातला प्रोग्राम प्रत्येकाला २६७ पैसे देई, घरचा २६८. कोड एकच, एका अक्षराचाही फरक नाही.

कारण असे की फ्रीबेसिकची ३२ बिट आवृत्ती मुळात प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ भागाकडून गणित करून घेते आणि त्याच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे गणित चालू असताना संख्या ठेवायच्या जागेत, संख्या ८० बिटांत राहते, अंकांसाठी ६४ बिट. २.६७५ हा आकडा डबलमध्ये किंचित कमी, २.६७४९९९९९९९९९९९९८ असा साठवला जातो. त्याला १०० ने गुणल्यावर एक्स८७ मध्ये तो कमीपणा टिकून राहतो, उत्तर २६७.५ च्या किंचित खाली येते आणि सीइंट त्याचे २६७ करते. ६४ बिट आवृत्तीत गणित एसएसई२ या नव्या भागात, काटेकोर ५३ बिटांत होते. तेथे तोच गुणाकार जवळच्या डबलला, म्हणजे बरोबर २६७.५ ला जाऊन बसतो आणि सम आकड्याच्या नियमाने २६८ होतो. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. किंबहुना जुन्या यंत्राचे मधले उत्तर साठवलेल्या आकड्याशी अधिक प्रामाणिक आहे. पण हिशेबाला प्रत्येक दुकानात एकच उत्तर लागते, ते असे मिळत नाही.

फ्रीबेसिकने यावर उपाय ठेवला आहे याबद्दल त्याला पूर्ण गुण दिले पाहिजेत. ३२ बिट आवृत्तीत कंपाइल करताना एफपीयू एसएसई हा पर्याय दिला की तीही नव्या भागात गणित करते आणि या नोंदीचे उत्तर दोन्हीकडे सारखे येते. हा पर्याय मुळातच लागू असावा असे माझे मत आहे. ज्याला ८० बिटांची रुंदी मुद्दाम हवी असेल त्याने ती मागून घ्यावी. आणि वाटणीचा खरा उपाय कंपायलरच्या बाहेरच आहे: २६७ दुणे ५३४ आणि २६८ दुणे ५३६, म्हणजे ५३५ पैशांची बेरीज दोन्ही उत्तरांत बिघडलेलीच होती. एकाचा हिस्सा पूर्णांक भागाकाराने काढायचा आणि दुसऱ्याचा वजाबाकीने, हे आमच्याकडचा कोणताही जुना मुनीम सांगेल.

आता चोपड्याकडच्या कामाविषयी. येथे डबलबद्दल माझी एकही तक्रार नाही आणि येथेच वेगाचा प्रश्न खरा उभा राहतो.

केळीच्या बागेत शंभर मीटरची एक नळी घेतली आणि तिच्यावर अर्ध्या मीटरवर एक ड्रिपर असला तर दोनशे ड्रिपर होतात. ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो आणि नळीतला दाब घर्षणाने कमी होत जातो. घर्षण काढण्यासाठी आम्ही हेझन-विल्यम्सचे सूत्र वापरतो, ज्यात प्रवाहाचा १.८५२ वा घात आणि आतल्या व्यासाचा ४.८७ वा घात येतो. गणित शेवटच्या ड्रिपरपासून सुरू होते. तेथला दाब अंदाजाने धरायचा, एकेक ड्रिपर मागे येत प्रवाह आणि घर्षण मिळवत जायचे, तोंडाशी आलेला दाब पंपाकडून मिळणाऱ्या दाबाशी ताडायचा आणि अंदाज सुधारून पुन्हा सुरुवात करायची. एका शेतात अशा कितीतरी नळ्या, प्रत्येक नळीला अनेक फेऱ्या, आणि शेतकऱ्याने "सोळाऐवजी वीस मिलिमीटर घेतली तर?" असे विचारले की सारे पुन्हा पहिल्यापासून.

वेग वाढेल या आशेने मी एकदा हा सगळा प्रोग्राम सिंगलमध्ये बदलला आणि तो अडकून बसला. दाब आम्ही पाण्याच्या उंचीत मोजतो; दहा मीटर दाबाच्या आसपास सिंगलमधल्या दोन लगतच्या संख्यांत सुमारे एक मायक्रोमीटरचे अंतर असते. मी थांबण्याची अट त्याच्या दहाव्या भागाची ठेवली होती, त्यामुळे ती कधी पूर्ण होतच नव्हती आणि लूप, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करणारा भाग, फिरत राहिला. शिवाय शेवटच्या दोन ड्रिपरमधल्या तुकड्यातले घर्षण या सूत्राने काही मायक्रोमीटरचेच येते, म्हणजे ते मिळवतानाच त्यातला काही हिस्सा गळून पडत होता. तसे पाहता नळीच्या शेपटाला प्रवाह इतका संथ असतो की हे सूत्र तेथे काटेकोरपणे लागूही पडत नाही. आणि बागेतल्या दाबमापकाला मायक्रोमीटर दिसत नाही. अट एक मिलिमीटरची ठेवायला हवी होती हे मला नंतर उमगले. तरी डबलमध्ये अशी चूक पचून जाते, सिंगलमध्ये पचत नाही, हा फरक कामाचा आहे.

सिंगल करून वेग तरी वाढला का? नाही, आणि त्याची कारणे फ्रीबेसिकच्या रचनेत सापडतात. घाताचे चिन्ह या भाषेत नेहमी डबलमध्येच गणित करते. सिंगल व्हेरिएबल दिले की आधी त्याचे डबल होते, मग घात काढला जातो आणि उत्तर पुन्हा सिंगलमध्ये कोंबले जाते. दोन रूपांतरांचा खर्च अधिकचा. सिंगलचा खरा फायदा एसएसईच्या १२८ बिटांच्या रजिस्टरमध्ये एका वेळी दोन डबलऐवजी चार सिंगल बसतात हा आहे, परंतु माझ्या नळीच्या गणितात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली असल्यामुळे चार पायऱ्या एकदम घेताच येत नाहीत. संख्यांचे प्रचंड तक्ते मेमरीतून वाचायचे असतील तेथे सिंगलची निम्मी जागा उपयोगी पडेल. एक कोटी संख्यांना डबलमध्ये ८ कोटी बाइट लागतात आणि सिंगलमध्ये ४ कोटी. ठिबकच्या कामात तेवढा पसारा नसतो.

वेग मिळाला तो दुसऱ्या तीन गोष्टींतून. पहिली, ६४ बिट आवृत्ती तुमच्या बेसिकचे सी भाषेत रूपांतर करून ते जीसीसी या कंपायलरकडे देते, पण कोड वेगवान करण्याच्या सुधारणेची पातळी मुळात शून्यावर असते. ओ २ हा पर्याय देईपर्यंत जीसीसी आपले कसब दाखवतच नाही. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो बेसिक संथ आहे असे मत बनवून मोकळा होतो. ३२ बिट आवृत्ती स्वतःच असेंब्ली, म्हणजे यंत्रभाषेला लगतची भाषा, लिहिते, तिच्यावर या पर्यायाचा परिणाम होत नाही. तेथे जेन जीसीसी असे सांगून तोच मार्ग घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट घातांची. वर्गमूळ हवे तेव्हा एसक्यूआर लिहावे, अर्धा घात लिहू नये. एसक्यूआर प्रोसेसरच्या एका आज्ञेत उरकते, घाताचे चिन्ह मात्र सर्वसाधारण घात काढणाऱ्या फंक्शनला बोलावते आणि ते त्या मानाने फार खर्चिक असते. वर्गासाठी संख्येला तिनेच गुणावे. नळीची लांबी, तिचा खडबडीतपणाचा गुणांक आणि व्यास एका नळीपुरते बदलत नाहीत, म्हणून त्यांचे घात लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवावेत. हे काम कंपायलरवर सोपवून मी फसलो आहे. घाताचे फंक्शन लूपबाहेर काढायला तो सहसा धजत नाही. माझ्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ या एका बदलाने वाचला. टायमर फंक्शनने आधी आणि नंतर मोजून पाहिल्याशिवाय मी यावर विश्वास ठेवला नसता आणि कोणीही ठेवू नये.

तिसरी गोष्ट बेरजांची. स्कायलेक पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एका दशांश बेरजेचे उत्तर हाती यायला प्रोसेसरच्या घड्याळाची चार चक्रे लागतात, मात्र प्रत्येक चक्रात दोन नव्या बेरजा सुरू करता येतात. सगळे आकडे एकाच व्हेरिएबलमध्ये मिळवत गेलो तर प्रत्येक बेरीज आधीच्या उत्तराची वाट पाहते आणि प्रोसेसरची आठ भागांपैकी सात भाग ताकद रिकामी बसते. चार स्वतंत्र बेरजा चालवून शेवटी त्या एकत्र केल्या की ही वाट पाहणे पुष्कळ कमी होते. जीसीसी हे स्वतःहून करत नाही, कारण दशांशांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो आणि तो बदल त्याने तुमच्या परवानगीशिवाय करू नये असा नियम आहे.

ती परवानगी देणारा पर्याय म्हणजे जीसीसीचा फास्ट-मॅथ, जो फ्रीबेसिकमधून पुढे पाठवता येतो. मी तो वापरत नाही. बारीक आकड्यांच्या लांब बेरजेत गळणारे अंश वेगळे धरून ठेवून पुढच्या बेरजेत परत मिळवण्याची एक सुंदर रीत कहान यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात बेरजेतून जुनी बेरीज आणि नवा आकडा वजा करून गळालेला अंश काढतात. कागदावरच्या बीजगणिताने तो अंश शून्य येतो. फास्ट-मॅथ कंपायलरला कागदावरचे बीजगणित वापरायची मुभा देतो, तो ती ओळ शून्य समजून पुसून टाकतो आणि सगळी काळजी निरर्थक ठरते, तेही निमूटपणे. ज्याने नेमकेपणासाठी कष्ट घेतले आहेत त्याच्या कष्टांवर पाणी फिरवणारा वेग मला नको आहे.

दुसऱ्या कंपायलरांची तुलना थोडक्यात करतो. पॉवरबेसिक हा १९८७ च्या टर्बो बेसिकचा वारस, बॉब झेल यांनी घडवलेला. पैशाच्या हिशेबासाठी त्यात चार आणि दोन दशांश स्थळांचे खास करन्सी प्रकार आहेत आणि ८० बिटांचा एक्स्टेंडेड प्रकारही आहे. ही दोन्ही फ्रीबेसिकमध्ये नाहीत आणि करन्सीची उणीव मला नेहमी जाणवते. पण पॉवरबेसिक ३२ बिटांवरच थांबला, २०१२ साली झेल गेले आणि नवे काम त्यावर उभे करायला माझे मन घेत नाही. क्यूबी६४ दिसायला हुबेहूब जुन्या क्विकबेसिकसारखा आहे, आतून सी++ मार्गे जातो आणि शिकणाऱ्या मुलांना मी तोच देतो. मात्र त्यातही चिन्ह नसलेले व्हेरिएबल सिंगलच असते, तेव्हा आप्पांच्या बेरजेची गोष्ट तेथेही लागू आहे. प्युअरबेसिक विकत घ्यावा लागतो, नीटस आहे आणि २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून त्यालाही सी मार्गे जाण्याची सोय झाली आहे. माझा जुना कोड त्यात बसत नाही, म्हणून मी त्याकडे वळलो नाही.

फ्रीबेसिकच्या आणखी दोन उणिवा सांगायला हव्यात. आकडे छापताना स्वल्पविराम हजारांच्या पाश्चात्त्य गटांनी पडतात, लाख-कोटींचे गट करायला स्वतःचे फंक्शन लिहावे लागते. दुसरी जास्त अवघड आहे. जीडब्ल्यू-बेसिकच्या काळातल्या डेटा फाइलींत दशांश संख्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जुन्या रचनेत साठवलेल्या असतात. क्विकबेसिक ४.५ मध्ये त्या वाचण्यासाठी वेगळी फंक्शने होती. बाइटांवरून संख्या बनवणाऱ्या फ्रीबेसिकच्या नेहमीच्या सीव्हीएस फंक्शनने त्या वाचल्या तर भलतेच आकडे येतात. सिंगलच्या चार बाइटांपैकी शेवटचा बाइट हा घातांक, त्यातून २ वजा करायचे, तिसऱ्या बाइटच्या सर्वांत वरचे चिन्हाचे बिट उचलून टोकाला न्यायचे आणि घातांक एक बिट खाली सरकवायचा, की आयईईईचा सिंगल तयार होतो. पूर्ण शून्य घातांक असेल तर संख्या शून्यच समजायची. हे फंक्शन मी एकदा लिहून ठेवले आणि भुईकाट्यावरच्या जुन्या नोंदी त्यामुळे आजही उघडतात.

सध्या माझी मांडणी अशी आहे: पट्ट्यांचे प्रोग्राम लाँगइंटमध्ये, ३२ बिट यंत्रांसाठी एफपीयू एसएसईसह; ठिबकचे डबलमध्ये, ६४ बिटांवर, ओ २ देऊन आणि फास्ट-मॅथशिवाय. आप्पांच्या बेरजेचा एक पैसा गेल्या हंगामात हातच्या हिशेबाशी जुळला, तेव्हा त्यांनी वही मिटून चहा मागवला.